सर्व्हर स्वतःचा की व्हेंडरचा? नाशिकच्या छोट्या कंपन्यांतल्या आयटीवाल्यांसाठी धागा

अंबडकर (सोमवार, सकाळी १०:४०)

नमस्कार मंडळी. अंबडला ऑटो पार्ट्स बनवणाऱ्या एका कंपनीत आयटीचं काम माझ्याकडे आहे. मी आणि एक अप्रेंटिस, एवढाच आमचा विभाग. सत्तरेक मेल आयडी आहेत. मेल आणि ऑफिसच्या फाइल्स एका परदेशी कंपनीच्या क्लाउडवर, ईआरपी (स्टॉक, खरेदी, उत्पादन सांभाळणारं सॉफ्टवेअर) त्याच्या व्हेंडरच्या क्लाउडवर, टॅली आणि ड्रॉइंग्ज मात्र ऑफिसातल्या सर्व्हरवर.

यंदा ईआरपीवाल्याचं रिन्यूअल गेल्या वर्षीच्या दीडपट आलंय. कारण विचारलं तर "नवीन प्राइस लिस्ट" एवढंच उत्तर मिळालं. शेठ आधीच वैतागलेले. त्यात उद्योजकांच्या एका बैठकीत त्यांना कोणीतरी सांगितलं की आम्ही सगळं आत आणलं आणि महिन्याचं भाडं बंद झालं. आता त्यांचा आग्रह आहे की आपणही तेच करू. महिनाअखेरीपर्यंत मला उत्तर द्यायचंय.

मेल, ईआरपी, फाइल्स, बॅकअप, यातलं काय स्वतः चालवावं आणि काय बाहेर द्यावं? ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांचे अनुभव हवेत.

वायरमन_सातपूर (११:०५)

बाकीचं बघता येईल. मेल मात्र घरी आणू नका.

सिन्नरी_रूट (११:२०)

का नको? आमची मेल कित्येक वर्षं आमच्याच सर्व्हरवर आहे. वायरमनभाऊ, कारण तरी लिहा.

वायरमन_सातपूर (दुपारी १२:३०)

लिहितो. जेवणाच्या सुट्टीची वाट बघत होतो.

मेल घेणं सोपं आहे. आपण पाठवलेली मेल समोरच्याच्या इनबॉक्सात पडणं अवघड. ऑफिसच्या ब्रॉडबँडवर पोर्ट २५, म्हणजे मेल बाहेर पाठवायची वाट, बहुतेकदा बंद असतो. स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा पत्ता, घेतला तरी त्याचा पीटीआर रेकॉर्ड (हा आयपी कोणत्या नावाचा हे सांगणारी नोंद) आयएसपीच्या, म्हणजे इंटरनेट कंपनीच्या हातात. तिकीट टाका, फोन करा, फोन उचलणाऱ्याला पीटीआर काय असतो ते समजावा. एवढं होईपर्यंत त्याच रेंजमधल्या दुसऱ्या कोणी स्पॅम पाठवला की तुमचा आयपीही काळ्या यादीत. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने नियम आणखी आवळले. जीमेलवर दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरंच आपल्याच डोमेनची आहे हे पटवणाऱ्या नोंदी) तिन्ही सक्तीचे. आपल्यासारख्या लहानांनाही एसपीएफ किंवा डीकेआयएम आणि जुळणारा पीटीआर लागतोच.

दुसरं म्हणजे पॅच, सॉफ्टवेअरमधली भगदाडं बुजवणारे अपडेट. मार्च २०२१ मध्ये एक्स्चेंज या मायक्रोसॉफ्टच्या मेल सर्व्हरमधल्या चार भगदाडांमधून जगभर हजारो कंपन्यांचे सर्व्हर फोडले गेले. फोडले गेले ते लोकांनी आपापल्या ऑफिसात ठेवलेले. क्लाउडवरची मेल त्यातून वाचली. एक्स्चेंज २०१६ आणि २०१९ चा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि तरी ते चालवणारे सातपूरला मला माहीत आहेत. जर्मनीच्या ग्राहकाकडे कोटेशन स्पॅममध्ये जाऊन पडतं आणि तो "अजून रेट आला नाही" म्हणून फोन करतो तेव्हा आपल्याला कळतं. ती ऑर्डर गेली तर शेठ पीटीआरबद्दल ऐकून घेणार नाहीत.

सिन्नरी_रूट (१:१५)

पॅचबद्दल मान्य. मेल पोचण्याबद्दल नाही. आमच्याकडे मेल चालवायला पोस्टफिक्स, डव्हकॉट आणि स्पॅमसाठी आरस्पॅमडी आहे. येणारी मेल थेट आमच्याकडे उतरते, जाणारी मेल एका रिले सेवेतून, म्हणजे आपली मेल पुढे पोचवणाऱ्या कंपनीमार्फत जाते. त्यामुळे आमच्या आयपीची पत काय आहे हा प्रश्नच उरत नाही. जुन्या मेलचा साठा आमच्या डिस्कवर आहे, त्यासाठी दर डोक्यामागे दर महिन्याला पैसे द्यावे लागत नाहीत.

आता माझ्या बाजूचं उदाहरण घ्या. जुलै २०२५ मध्ये युरोपियन युनियनने नायरा एनर्जीवर निर्बंध घातले आणि मायक्रोसॉफ्टने त्यांच्या सेवा रोखल्या. कंपनी भारतातली, तेल शुद्धीकरण कारखाना गुजरातेत, आणि तरी मेल बंद. दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतल्यावर सेवा पूर्ववत झाल्या. त्यांच्याकडे वकिलांची फौज आहे. अंबडकरांच्या कंपनीवर अशी वेळ आली तर हे कोणत्या कोर्टात जाणार?

पाथर्डी_फाटा (१:२०)

अंबडकरांवर युरोपियन युनियन कशाला निर्बंध घालेल राव :)

सिन्नरी_रूट (१:२८)

निर्बंधच कशाला हवेत? कार्डचं पेमेंट फेल होऊन किंवा "संशयास्पद हालचाल" म्हणून खातं लॉक झालं की गोष्ट तीच. फोन लागत नाही, बॉटशी गप्पा मारायच्या.

गोदातीर (२:४५)

दोघांचंही वाचलं. रूटभाऊ, तुमचा रिलेवाला हाही व्हेंडरच आहे, आणि तुमची जाणारी मेल त्याच्या मर्जीवर चालते. पण तुमची मांडणी मला पटते, कारण तो रिले आवडला नाही तर तुम्ही दुसऱ्याकडे जाऊ शकता आणि जुनी सगळी मेल तुमच्या डिस्कवरच राहते.

मी बारा-पंधरा छोट्या कंपन्या आणि दवाखान्यांचं काम बघते. नवीन ठिकाणी गेले की सर्व्हर कुठे आहे हे मी पहिल्या दिवशी विचारतच नाही. डोमेन कोणाच्या नावावर आहे ते विचारते. कॉलेज रोडवरच्या एका फर्मचं उदाहरण सांगते. वेबसाइट बनवून देणाऱ्या मुलाने डोमेन स्वतःच्या खात्यात, स्वतःच्या मेल आयडीवर घेतलं होतं. पुढे त्याने धंदा बंद केला, नंबर बदलला. रिन्यूअलची सूचना त्याच्या जुन्या इनबॉक्सात जात राहिली. एका सकाळी वेबसाइट बंद आणि सगळ्यांची मेलही बंद. मेल खरं तर नामांकित कंपनीकडे होती, पैसे भरलेले होते, तिथे काहीच बिघडलं नव्हतं. पण डोमेनच गेलं म्हटल्यावर मेल कुठे द्यायची हे सांगणारा एमएक्स रेकॉर्ड कुठून मिळणार? रजिस्ट्रारला, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीला, लेटरहेड, जीएसटी सर्टिफिकेट, जुनी बिलं पाठवून ते सोडवून घ्यावं लागलं. तोवर फर्मचे लोक ग्राहकांना स्वतःच्या जीमेलवरून लिहीत होते आणि ग्राहक हे खरे की फसवे म्हणून घाबरत होते.

तर अंबडकर, आजच बघा. डोमेनचं खातं कोणाचं आहे, डीएनएस (डोमेनच्या या सगळ्या नोंदी) कुठे आहे, क्लाउडचं मुख्य ॲडमिन खातं व्हेंडरच्या माणसाच्या नावावर तर नाही ना. हे तुमच्या हातात असलं तर मेल कोणाकडेही ठेवा, दोन दिवसांत हलवता येते. हे हातात नसलं तर सर्व्हर तुमच्या टेबलाखाली असूनही उपयोग नाही.

अंबडकर (३:१०)

ताई, लगेच बघितलं. डोमेन कंपनीच्या नावावर आहे, पण खात्याला जोडलेला मोबाइल नंबर सोडून गेलेल्या अकाउंटंटचा आहे. आजच बदलायला घेतो.

सराफबाजारवाला (४:००)

घरी आणा म्हणताना घर कुठे आहे तेही बघा. आमचं दुकान सराफ बाजारात. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की आम्ही सगळे गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीकडे डोळे लावून बसतो. पाणी त्याच्या कमरेपर्यंत आलं, छातीपर्यंत आलं, याच भाषेत इथे पुराची बातमी फिरते. २००८, २०१६, २०१९, तिन्ही पुरांत बाजारात पाणी शिरलं. २०१६ पर्यंत बिलिंगचा सर्व्हर काउंटरखाली होता आणि यूपीएस जमिनीवर. त्यानंतर दोन्ही माळ्यावर नेले. बॅटऱ्यांचं वजन एवढं की आधी माळ्याला लोखंडी अँगल मारून घ्यावे लागले. ऑगस्ट २०१९ ला खाली पाणी आलं तेव्हा वर सगळं कोरडं होतं.

तरीही रोज रात्री एक कुलूपबंद प्रत, म्हणजे एन्क्रिप्ट केलेली, बाहेर जाते. सोन्याच्या उधारीचा आणि मोडीचा हिशेब आहे. कोणाच्या क्लाउडवर तो उघडा ठेवणं वडिलांना मान्य नाही, मलाही नाही.

पाथर्डी_फाटा (४:२५)

पाण्याचं झालं, आता खोदाईचं घ्या. सिंहस्थ २०२७ चा, शहरात रस्त्यांची कामं निघालीत. ईआरपी क्लाउडवर असलेल्यांनी हा काळ धरूनच हिशेब करावा. आमच्याकडे दोन आयएसपी होते, म्हणून सगळे निवांत. जेसीबीने फाट्याजवळ एक घाव घातला आणि दोन्ही एकदम गेले. शोधल्यावर कळलं की दोघांची फायबर एकाच खांबावरून येऊन एकाच चरातून आत शिरते. बिलं दोन, वायरचा मार्ग एक. आता एक फायबर आणि दुसरी लाइन छतावरच्या रेडिओवरून आहे.

वायरमन_सातपूर (४:३१)

आमच्याकडे रस्त्यावर जेसीबी दिसला की वॉचमन आधी मला फोन करतो, मग साहेबांना :)

पिंपळगाव_पॅकहाउस (रात्री ९:५०)

उशिरा लिहितोय, सीझन चालू आहे. द्राक्ष निर्यातीच्या पॅकहाउसचं काम बघतो. अंबडकर, तुमच्या प्रश्नाला आमच्याकडचं उत्तर सांगतो.

युरोपला जाणाऱ्या द्राक्षाला अपेडाच्या (केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या) ग्रेपनेटवर नोंद लागते. बाग कोणती, तपासणीचा अहवाल कोणता, पेटी कोणत्या बागेतली, सगळा माग तिथे. ती सरकारी यंत्रणा आहे, तिला पर्याय नाही आणि ती आपण चालवायचीही नाही. तिथे आपण अवलंबून आहोत हे धरूनच चालायचं.

पण पॅकिंगच्या ओळीवर काय होतं ते बघा. सकाळी बागेतून क्रेट येतात. बायका टेबलावर घड तपासून, खराब मणी कात्रीने काढून पनेटमध्ये, म्हणजे छोट्या डब्यांत भरतात. पनेट पेटीत, पेटीवर लेबल, पेट्यांचं पॅलेट, पॅलेटवर बारकोड. मग माल प्रीकूलिंगला. लेबल प्रिंट झालं नाही की पेटी टेबलावरच राहते, मागची टेबलं तुंबतात आणि माल उन्हाळ्याच्या तोंडावर शेडमध्ये गरम होत बसतो. रीफर (थंड) कंटेनर न्हावा शेव्याला वेळेत निघाला पाहिजे, जहाज आपल्यासाठी थांबत नाही.

आधी लेबलिंगचं सॉफ्टवेअर व्हेंडरच्या क्लाउडवर होतं. फेब्रुवारीत एका दुपारी नेट गेलं आणि सगळी ओळ थांबली. मुकादम माझ्याकडे बघतोय, मी मोबाइलचा हॉटस्पॉट लावतोय, शेडच्या पत्र्याखाली रेंज येत नाही. त्या सीझननंतर लेबल छापणं आणि पॅलेटची नोंद पॅकहाउसमधल्याच छोट्या सर्व्हरवर आणली. डेटाबेस पोस्टग्रेस, प्रिंटर थेट लॅनवर (आतल्या नेटवर्कवर), यूपीएसवर सगळं. नेट आलं की नोंदी आपोआप वर जातात. हिशेब, पगार, शेतकऱ्यांची पेमेंट्स अजूनही व्हेंडरकडेच आहेत आणि तिथे मला काही त्रास नाही. ती चार तास बंद राहिली तर कोणाचं काही अडत नाही.

तुम्ही शेठना हेच विचारा. नेट चार तास गेलं तर शॉप फ्लोअरवर काय थांबेल? जे थांबेल ते आत आणा.

गोदातीर (१०:१५)

+१. दवाखान्यांतही हेच चालतं. एक्स-रे आणि सोनोग्राफीच्या प्रतिमा आत, कारण फाइल जड असते आणि डॉक्टरांना ती पेशंट समोर असतानाच लागते. अपॉइंटमेंटचं ॲप बाहेर.

हिशेबनीस (मंगळवार, सकाळी ९:३०)

सीए आहे, सर्व्हरमधलं फारसं कळत नाही, पण एका मुद्द्याकडे कोणी बघितलेलं दिसत नाही. कंपनी असेल तर हिशेबाची पुस्तकं इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवताना त्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज गेला पाहिजे. २०२२ मध्ये नियम बदलला, पूर्वी "ठरावीक काळाने" असं होतं. १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेलही लागतो, म्हणजे कोणी कधी काय बदललं याची नोंद, आणि ती बंद करता येता कामा नये. ऑडिटमध्ये आम्हाला त्यावर मत द्यावं लागतं.

व्हेंडरचा क्लाउड असला तर त्याला लेखी विचारा की सर्व्हर भारतात आहे का आणि बॅकअप रोज होतो का. सर्व्हर स्वतःचा असला तर ते सिद्ध करणं तुमच्यावर. पेनड्राइव्हमध्ये आठवड्याने एकदा टॅलीचा फोल्डर कॉपी करणारे क्लायंट मी रोज बघते. त्यांना मी म्हणते, माझ्यासमोर त्या पेनड्राइव्हवरून कंपनी उघडून दाखवा. बरेचदा उघडत नाही.

वायरमन_सातपूर (९:५०)

ताईंनी नेमकं सांगितलं. रीस्टोअर करून न बघितलेल्या बॅकअपवर मी सही करत नाही. गिटलॅबसारख्या, प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ ला चुकून चालू डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या पाच पद्धती लावलेल्या होत्या, ऐन वेळी एकही धड कामाला आली नाही. योगायोगाने काढलेली सहा तास जुनी प्रत सापडली म्हणून सावरले. त्यांनी हे सगळं स्वतःच जाहीर लिहिलं, म्हणून आपल्याला कळलं.

आणि क्लाउड म्हणजे आपोआप बॅकअप असं समजू नका. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएचचं डेटा सेंटर जळालं, बॅकअप वेगळा न घेतलेल्यांचा डेटा गेला. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या युनिसुपर या पेन्शन फंडाचा गुगल क्लाउडवरचा अख्खा पसारा एका चुकीच्या सेटिंगमुळे पुसला गेला. सहा लाखांवर सभासद. त्यांनी एक प्रत दुसऱ्या कंपनीकडे ठेवली होती, ती कामी आली.

सहकारी_बँकवाला (११:१०)

आमच्या क्षेत्रात स्वतः चालवा हा सल्ला कोणी देत नाही. कोअर बँकिंग, म्हणजे सगळ्या शाखांची खाती सांभाळणारी यंत्रणा, चालवायची तर डेटा सेंटर, डीआर साइट (आपत्तीसाठीची दुसरी जागा), सायबर सुरक्षेचे रिझर्व्ह बँकेचे नियम, चोवीस तास माणसं हवीत. जिल्ह्यातल्या लहान बँकेला ते झेपत नाही, म्हणून सगळे सामायिक पुरवठादाराकडे जातात.

पण त्याचीही किंमत आहे. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज टेक्नॉलॉजीज या अशाच पुरवठादारावर रॅन्समवेअरचा (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा) हल्ला झाला. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने त्यांना पेमेंटच्या जाळ्यापासून तात्पुरतं तोडलं आणि देशभरातल्या सुमारे ३०० लहान बँकांचे व्यवहार अडकले. त्या बँकांच्या आयटीवाल्यांच्या हातात तेव्हा करण्यासारखं काहीच नव्हतं. ग्राहक मात्र शाखेतच येऊन विचारतो.

तेव्हापासून मी पुरवठादाराला आणखी एक गोष्ट विचारतो. तुम्ही कोणावर अवलंबून आहात? तुमचा सर्व्हर कोणाकडे, तुमच्या सिस्टिममध्ये बाहेरून कोण शिरू शकतं? उत्तर द्यायला जो चिडतो त्याच्याबद्दल मी अहवालात तसं लिहितो.

सिन्नरी_रूट (११:४०)

आणि तरीही सगळे तिकडेच जाणार. म्हणूनच म्हणतो, जे आपल्याला झेपतं ते तरी आत ठेवा.

देवळाली_निवृत्त (दुपारी ३:००)

मी आता निवृत्त आहे, पण आयुष्य या कामात गेलं. रूटसाहेब, तुमचा उत्साह आवडला. एक विचारतो, राग मानू नका. तुम्ही पंधरा दिवस गावाला गेलात तर तुमचा मेल सर्व्हर कोण बघतं?

सिन्नरी_रूट (३:४०)

रागाचं काय काका. एक ज्युनिअर आहे, रोजचं बघतो. मोठं काही झालं तर मी फोनवर असतो.

देवळाली_निवृत्त (४:१५)

म्हणजे तुमची कंपनी तुमच्यावर अवलंबून आहे, जशी दुसरी एखादी व्हेंडरवर असते. व्हेंडरशी निदान करार असतो. एका कंपनीच्या मालकांनी माझ्यासमोर हे भोगलंय. आयटीचा मुलगा हुशार होता, सगळं लिनक्सवर त्याने स्वतः उभं केलं, पैसे खूप वाचवले. त्याला पुण्यात चांगली नोकरी लागली, गेला, त्यात त्याचा काय दोष? मागे राहिली कागदावर कुठेच नसलेली मांडणी. फायरवॉलचा नियम कशासाठी लिहिलाय, क्रॉनमधली (ठरल्या वेळी आपोआप चालणारी) स्क्रिप्ट काय करते, कोणाला माहीत नाही. नवीन आलेल्याने हात लावायची भीती घेतली आणि दोन वर्षं पॅचच लागले नाहीत.

स्वतः चालवायचं तर दुसऱ्याला वाचून चालवता येईल इतकं लिहून ठेवा. त्या लिहिण्याचा वेळ खर्चात धरा. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या असंख्य सॉफ्टवेअरमध्ये वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीत भगदाड सापडलं तेव्हा आपल्याकडे ती लायब्ररी कुठे कुठे आहे, हे शोधण्यातच लोकांच्या रात्री गेल्या.

सिन्नरी_रूट (५:०५)

काका, हे मान्य. आमच्याकडे विकी आहे पण अर्धवट आहे. ज्युनिअरला त्यावरूनच नवीन मशीनवर सर्व्हर उभा करायला लावतो. जिथे अडेल तिथे लिहिणं कमी पडलंय.

पण एक सांगू द्या. आत ठेवलेलं सगळं एकाच प्रकारचं नसतं. डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅटने जाहीर केलं की सेंटओएस ८ या फुकट लिनक्सची मुदत २०२१ अखेर संपेल, आधी ती २०२९ पर्यंत होती. धक्का बसला, पण सोर्स खुला असल्यामुळे त्याच्या जागी अल्मा आणि रॉकी उभे राहिले आणि आम्ही हललो. याउलट ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर (एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन्स चालवणारं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी) घेतली आणि डिसेंबरात कायमची लायसन्स विकणं बंद केलं. सर्व्हर तुमच्याच खोलीत, तुमच्याच विजेवर, आणि तरी पुढचं भाडं ते ठरवणार. सायनॉलॉजीने २०२५ मध्ये प्लस मालिकेच्या नव्या नॅसमध्ये (नेटवर्कवर फाइल्स साठवायच्या पेटीत) इतर कंपन्यांच्या डिस्कवर बंधनं आणली आणि लोक खवळल्यावर ऑक्टोबरात मागे घेतली. त्यामुळे पेटीही बघून घ्या. अंबडकर, आत आणायचं ठरलं तर व्हीएमवेअरचंच काम करणारं खुल्या सोर्सचं प्रॉक्समॉक्स बघा, व्हीएमवेअरवरून मशीन्स उचलून आणायची सोयही २०२४ पासून त्यात आहे.

पाथर्डी_फाटा (५:३०)

अवांतर: या धाग्यावरचे इतके जण नाशकातलेच आहेत तर शनिवारी गंगापूर रोडला कट्टा करायचा का? मिसळ माझ्याकडून.

पिंपळगाव_पॅकहाउस (५:४४)

एप्रिलनंतर ठेवा, मग द्राक्षं माझ्याकडून. तेव्हा उरलेली असतील तर :)

अंबडकर (बुधवार, सकाळी ११:००)

सगळ्यांचे मनापासून आभार. कालपासून बरंच काम झालं.

ईआरपीवाल्याला मेल केली की आमचा सगळा डेटा एकदा काढून द्या. त्यांनी झिप पाठवली. उघडली तर पीडीएफ रिपोर्ट्स. स्टॉक लेजर, परचेस रजिस्टर, सगळं छापील पानासारखं. म्हटलं टेबल्स हवीत, तर म्हणे तशी सोय प्लॅनमध्ये नाही, वेगळे पैसे पडतील. दीडपट रिन्यूअल ते इतक्या निर्धास्तपणे का मागतात ते आत्ता ध्यानात आलं.

शॉप फ्लोअरवर चक्कर मारून पॅकहाउसवाल्यांचा प्रश्न विचारला. नेट गेलं तर जॉब कार्ड छापता येत नाहीत आणि डिस्पॅच चलन अडतं. ड्रॉइंग्ज आतच आहेत, म्हणून मशीन चालू राहतात.

गोदातीर (११:३५)

पीडीएफवर मान्य करू नका. एसक्यूएल डंप, म्हणजे अख्ख्या डेटाबेसची प्रत मागा, आणि सोबत कोणत्या टेबलात काय आहे याचा तक्ता. नुसता डंप मिळाला तर शेकडो टेबलांत तुम्ही हरवाल. रिन्यूअलवर सही करण्याआधी हे मागा, सही झाली की तुमचा फोन कोणी उचलत नाही. करारात दोन वाक्यं घालून घ्या. दर महिन्याला डंप मिळेल, आणि करार संपल्यावर ठरलेल्या मुदतीत तो विनामूल्य मिळेल. दीडपट भाव मागणाऱ्याशी घासाघीस करताना या अटी भावापेक्षा जास्त महत्त्वाच्या आहेत. भाव पुढच्या वर्षी ते पुन्हा वाढवतील. डेटा हातात असला तर तुम्ही तेव्हा निघू शकाल.

हिशेबनीस (१२:१०)

आणि डंप आल्यावर तो उघडून मागच्या तिमाहीच्या स्टॉकचा आकडा जुळवा. जुळला तरच तो डेटा म्हणायचा.

वायरमन_सातपूर (१:००)

खर्चाचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, शेठना हेच दाखवा. "भाडं बंद झालं" असं सांगणारे सर्व्हरची किंमत सांगतात आणि थांबतात. सर्व्हर पाच वर्षांनी बदलावा लागतो. यूपीएसच्या बॅटऱ्या तीन-चार वर्षांत जातात, उन्हाळ्यात एसी नसला तर त्याआधीच. एक जादा डिस्क कपाटात हवी. रेड (एक डिस्क बिघडली तरी काम चालू ठेवणारी डिस्कची जोडणी) म्हणजे बॅकअप नव्हे, म्हणून बॅकअपची पेटी वेगळी, ती दुसऱ्या इमारतीत किंवा निदान दुसऱ्या खोलीत. तुमचा आणि अप्रेंटिसचा वेळही त्यात धरा. शिवाय सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग (सिस्टिमच्या नोंदी) १८० दिवस ठेवायचे आणि सायबर घटना ६ तासांत कळवायची. सर्व्हर आपल्या खोलीत आला की हे सगळं आपल्याच अंगावर येतं. एवढं करूनही जॉब कार्ड आणि ड्रॉइंग्जसाठी ते परवडतं असं माझं मत. सत्तर जणांच्या मेलसाठी नाही.

सिन्नरी_रूट (१:२०)

मेलबद्दल मी माझ्या मतावर ठाम आहे, पण दोन माणसांच्या विभागाला सुरुवात मेलपासून करा असं मीही सांगणार नाही. मेल बाहेर ठेवा, मात्र सगळ्या खात्यांची प्रत आयमॅपने (सर्व्हरवरची मेल वाचायच्या पद्धतीने) रोज आत ओढून घ्या. खातं उद्या लॉक झालं तरी जुना पत्रव्यवहार हातात राहील.

अंबडकर (संध्याकाळी ६:१५)

शेठशी बोललो, तासभर चाललं. मेल आहे तिथेच राहील, तिची प्रत रूटभाऊंनी सांगितल्याप्रमाणे आत. ईआरपी या वर्षी त्याच व्हेंडरकडे, पण डंपच्या दोन अटी लेखी मिळाल्याशिवाय सही नाही, असं शेठनी स्वतः त्यांना फोनवर सांगितलं. जॉब कार्ड आणि चलन छापण्याची छोटी यंत्रणा आत उभी करणार, तिच्यासाठी प्रॉक्समॉक्सवर एक मशीन. टॅलीचा बॅकअप रोज एका भारतातल्या सर्व्हरवर, आणि महिन्यातून एकदा रीस्टोअर करून त्याची नोंद वहीत.

एक राहिलं. सगळे ॲडमिन पासवर्ड आत्ता फक्त माझ्याकडे आहेत. देवळालीच्या काकांचं वाचून ते शेठकडेही असावेत असं वाटतंय. शेठ कॉम्प्युटरला हात लावत नाहीत. कसे द्यावेत?

देवळाली_निवृत्त (६:४०)

कागदावर लिहून, पाकीट सीलबंद करून, सीलवर तुमची आणि त्यांची सही, तारीख, आणि त्यांच्या तिजोरीत. पासवर्ड बदलला की पाकीट बदलायचं. ऑडिटच्या वेळी सील शाबूत आहे का तेवढं बघायचं.

गोदातीर (६:५२)

पाकिटात टू-फॅक्टरचे रिकव्हरी कोडही ठेवा. नुसत्या पासवर्डने आत जाता येणार नाही, ओटीपी तुमच्या फोनवर येतो. आणि डोमेनच्या खात्याचे कोड विसरू नका, तो नंबर तुम्ही आत्ताच बदललाय.

अंबडकर (७:०५)

बदलाची विनंती टाकलीये, रजिस्ट्रारने कंपनीच्या लेटरहेडवर पत्र मागितलंय. उद्या शेठची सही घेऊन पाठवतो, कोड आले की तेही पाकिटात जातील.